टाकीच्या तळाचा काळा चिकटा

वाचकांचे प्रश्न, सदरकाराची उत्तरे

सोयाबीनची मळणी आटोपता आटोपता या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी डिझेलच्या टाकीत साचणाऱ्या घाणीविषयी होती. ट्रॅक्टर, राइस मिलचे जनरेटर, दाळमिलचे इंजिन आणि अंगणातील ड्रम अशी यंत्रे व भांडी वेगवेगळी असली, तरी तक्रार जवळपास एकच असल्याने या अंकाचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांचा, पन्नास अश्वशक्तीच्या आतला ट्रॅक्टर आहे. पेरणी व त्यामागची फुटकळ कामे झाल्यावर तो गोठ्याला लागून असलेल्या उघड्या पडवीत उभा होता आणि टाकीत अंदाजे निम्मे डिझेल होते. ऑक्टोबरात मळणीयंत्राला जोडला, तेव्हा भार पडला की इंजिन दबू लागले. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केले की बरे चाले, नंतर पुन्हा तेच. आठ दिवसांत तीन वेळा फिल्टर बदलले आणि प्रत्येक वेळी कापडी फिल्टरवर काळा, बुळबुळीत थर निघाला. मिस्त्री म्हणतात, पंपावरचे डिझेल भेसळीचे आहे. पंपाविरुद्ध तक्रार करावी काय?
— एक शेतकरी, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ

उत्तर : तक्रारीचा कागद लिहिण्यापूर्वी आपण एक स्वच्छ, कोरडी, आरपार दिसणारी काचेची बरणी घ्यावी, टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून सर्वांत आधी जे बाहेर येईल ते अर्धा लिटर तिच्यात धरावे आणि ती बरणी रात्रभर फळीवर स्थिर ठेवावी. सकाळी ती उजेडासमोर धरली की खाली पाण्याचा थर, वर डिझेल आणि दोहोंच्या सीमेवर दुधावरच्या सायीसारखा तपकिरी-काळा पापुद्रा दिसतो का, ते पाहावे. बरणी हलकेच कलती केली असता हा पापुद्रा अखंड कापडासारखा पाण्याबरोबर सरकतो, आणि जोराने हलवली तर त्याचे तुकडे होऊन थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच सीमेवर येऊन बसतात. असे दिसले, तर टाकीत बुरशी धरली आहे असे खुशाल समजावे. फिल्टरवरचा थर दोन बोटांत चोळून पाहिल्यास हीच गोष्ट हातालाही कळते, कारण भिजवलेल्या जवसाचा जसा चिकट बुळबुळीतपणा असतो तसाच तो लागतो आणि डिझेलमध्ये खळबळूनही विरघळत नाही. जुन्या डिझेलचा डिंकासारखा साका वेगळा असतो, तो काचेला चिकटून राहतो. वाळू-माती पाण्याच्याही खाली जाऊन बसते. बरणीत काहीच न दिसता इंजिन दबत असेल, तर मात्र नळीच्या सांध्यातून हवा धरते का, हे आधी तपासावे.

गावोगाव याला डिझेलचे शेवाळ म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो आणि टाकीत तर अंधार असतो, म्हणून हे नाव खरे नव्हे, परंतु आता ते रुळलेले आहे. प्रत्यक्षात ही बुरशी आणि जिवाणू यांची एकत्र वस्ती असते. बुरशीत सर्वांत प्रसिद्ध असलेल्या जातीचे शास्त्रीय नाव हॉर्मोकोनिस रेझिनी असे आहे, आणि जिवाणूंत स्यूडोमोनास कुळातील मंडळी नेहमी सापडतात. ही सारी राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. डिझेल म्हणजे कर्ब व हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या, आणि त्या साखळ्या तोडून पोट भरण्याची कला या जीवांना साधलेली आहे. मात्र कोरड्या डिझेलमध्ये ती वाढू शकत नाहीत, त्यांना पाण्याचा निदान पातळसा थर लागतो. लोणच्याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. तेलात बुडालेले लोणचे वर्षभर टिकते आणि बरणीत एकदा ओला चमचा गेला की आठ-पंधरा दिवसांत बुरा चढतो. बुरशीचे बीजाणू हवेत, आपल्या काळ्या मातीच्या धुळीत, डब्याच्या बुडाशी, सर्वत्र असतात. ते टाकीत जाणारच. त्यांना तेथे पाणी मिळू द्यायचे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

आता हे पाणी आले कोठून? बहुतेक जण रात्रीच्या गारव्याने टाकीच्या आत सुटणाऱ्या दवाकडे बोट दाखवतात. त्याला जेवढा दोष दिला जातो तेवढा तो पात्र नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचा हिशेब साधा आहे. तीस अंश तापमानाला हवा पूर्ण ओली असली, तरी एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी मावते. आपल्या ट्रॅक्टरची टाकी साठ लिटरची धरली आणि ती निम्मी रिकामी धरली, तर आतल्या ३० लिटर हवेत सगळे मिळून एक ग्रॅमही पाणी भरत नाही. तेव्हा बरणीत दोन बोटे पाणी निघाले असेल, तर ते दवाचे नाही. ते झाकणातून आले. झाकणाचा रबरी वायसर कडक होऊन चिरला आहे का, झाकणावरचे श्वासाचे बारीक छिद्र मातीने बुजले आहे का किंवा वाजवीपेक्षा मोठे झाले आहे का, पडवीत तिरका पाऊस येतो तेव्हा झाकण भिजते का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट आपण आठवून पाहावी. खंडेनवमीला पूजेसाठी ट्रॅक्टर धुतला, तेव्हा पाइपाची धार टाकीच्या झाकणावर गेली होती काय? मळणीच्या ऐन तोंडावर येणारा हा सण आणि मळणीत बंद पडणारे ट्रॅक्टर यांची सांगड मी अनेक वेळा पाहिली आहे. धुण्यापूर्वी झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधून वर रबर अडकवला, तर पूजेत काही कमी पडत नाही.

पंपाविषयी बोलायचे तर पंपाच्या भूमिगत टाकीतही पाणी शिरू शकते, विशेषतः अतिवृष्टीनंतर. ग्राहकाला पंपावर घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा अधिकार आहे, तो जरूर वापरावा. मात्र घनतेच्या तपासणीत बुरशी कळत नाही. त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेल्या इतरांच्या गाड्याही अडल्या असतील तर संशयाला जागा आहे. एकट्या आपल्याच ट्रॅक्टरला त्रास होत असेल, आणि तोही तीन महिने उभा राहिल्यानंतर, तर कारण आपल्याच पडवीत शोधलेले बरे.

केवळ फिल्टर बदलत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे आहे. टाकी पूर्ण रिकामी करून उतरवावी, तोंडाची जाळी काढून धुवावी आणि टाकी थोड्या स्वच्छ डिझेलने दोन-तीनदा खळबळून प्रत्येक वेळी ते बाहेर काढावे. कोपऱ्यांत आणि आतल्या पत्र्याच्या आडोशाला चिकटलेला थर लांब दांडीच्या ब्रशने सुटतो. पुसायला सूत सोडणाऱ्या चिंध्या किंवा कापूस वापरू नये. कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, पण एक धागा नोझलपर्यंत गेला तर नवा खर्च उभा राहतो. त्यानंतर टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळ्या फुंकून घ्याव्यात, काचेची किंवा पत्र्याची वाटी धुवावी, कापडी व कागदी असे दोन्ही फिल्टर एकाच वेळी नवे घालावेत, हवा काढून इंजिन सुरू करावे आणि सुमारे पन्नास तास चालल्यावर पहिला फिल्टर पुन्हा उघडून पाहावा. कितीही धुतले तरी भिंतीवर थोडा अंश उरतोच, आणि तो पुढच्या काही दिवसांत सुटून येतो.

हे काम करताना जवळपास बिडी, वेल्डिंग, शेगडी काहीही नको. डिझेल सहज पेट घेत नाही असा सार्वत्रिक समज आहे, परंतु भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान ३५ अंश सेल्सिअस असला म्हणजे चालते. अकोला किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात सावलीतील पारा त्याच्या दहा अंश वर असतो.

प्रश्न : आमच्या राइस मिलमध्ये जनरेटरसाठी ९९० लिटरची लोखंडी टाकी आहे. वीज आता पूर्वीइतकी जात नसल्याने जनरेटर क्वचित चालतो आणि एकदा भरलेले डिझेल सात-आठ महिने तसेच राहते. गेल्या धानाच्या हंगामात ऐन वेळी जनरेटर बंद पडला, आणि टाकीचा तळ उघडला तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय व्यवस्था करावी?
— राइस मिलचे व्यवस्थापक, जिल्हा गोंदिया

उत्तर : आपण सांगितलेला वास फार महत्त्वाचा आहे. टाकीच्या तळाशी पाणी बराच काळ राहिले की वरच्या थरातील जीव त्यातील प्राणवायू संपवून टाकतात, आणि मग खाली प्राणवायूशिवाय जगणारे, सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू वाढतात. ते हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात, त्याचाच हा वास. हा वायू विषारी आहे आणि पत्राही खातो. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर तळाचा पत्रा, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळचा भाग, खड्डे पडले आहेत का हे पाहण्यासाठी घासून तपासावा. मात्र कोणत्याही मजुराला टाकीत उतरू देऊ नये, डोकेसुद्धा आत घालू देऊ नये. विहिरीत उतरून गुदमरण्याच्या घटना आपल्या भागात दरवर्षी ऐकू येतात, आणि बंद टाकी विहिरीपेक्षा वाईट असते.

व्यवस्थेचा विचार करताना आधी टाकीची बैठक पाहावी. बहुतेक टाक्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून पाणसळ लावून अगदी समपातळीत बसवलेल्या असतात, आणि त्यामुळे पाणी तळभर पसरून राहते, कॉक उघडला तरी येत नाही. टाकीला कॉकच्या बाजूला थोडा उतार द्यावा, कॉक अगदी खालच्या बिंदूवर असावा आणि इंजिनकडे जाणारी नळी मात्र दुसऱ्या, उंच टोकाकडून व तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर घ्यावी. एवढा फेरफार एका वेल्डरचे दिवसभराचे काम आहे, अर्थात टाकी पूर्ण रिकामी, धुतलेली आणि वायुरहित करूनच. पुढची सारी देखभाल त्याने सोपी होते. दर महिन्याला, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला, कॉक उघडून स्वच्छ डिझेल दिसेपर्यंत खालचे काढून टाकावे. कॉक उघडण्याच्या आदल्या रात्री जनरेटर चालवू नये, कारण इंजिनमधून परत येणाऱ्या गरम डिझेलने टाकी ढवळली जाते आणि पाणी तळाशी बसलेले नसते.

पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी पंपवाले वापरतात ती पाणी शोधणारी पेस्ट मिळते. मोजपट्टीच्या टोकाला ती लावून पट्टी तळाला टेकवायची आणि अर्ध्या मिनिटाने बाहेर काढायची, म्हणजे पाणी लागलेल्या उंचीपर्यंत तिचा रंग बदललेला दिसतो. एक ट्यूब आपल्याला वर्षभर पुरेल.

आपल्या टाकीत दवाचा हिशेब ट्रॅक्टरपेक्षा वेगळा होतो. टाकी निम्मी असेल तर पाचशे लिटर हवा आत असते, आणि ती तीस अंशांवरून वीस अंशांवर आली तर एका रात्रीत फार तर सहा-सात ग्रॅम पाणी भिंतीवर सुटते. रोज तेवढेच सुटते असे नाही, कारण रोज सगळी हवा बदलत नाही, परंतु जे थेंब डिझेलखाली उतरले ते दिवसा सहजासहजी परत उडत नाहीत. शिवाय मानकाप्रमाणे डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी असू शकते. हजार लिटरला ते दीडशे ग्रॅमच्या थोडे वर जाते. ते सुरुवातीला विरघळलेले असते आणि डिसेंबरात डिझेल गार झाले की त्यातला काही भाग वेगळा होऊन खाली बसतो. याचा अर्थ असा की अगदी चोख डिझेल, चोख टाकीत ठेवले तरी वर्षभरात थोडे पाणी साचणारच, आणि म्हणून तळ काढण्याला पर्याय नाही. टाकी भरलेली ठेवल्याने हवा कमी राहते, तो उपाय जरूर करावा, पण भरलेल्या टाकीचा तळ काढायचा नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

श्वासनळीचे तोंड खाली वळवलेले आणि बारीक जाळी लावलेले असावे. त्यात सिलिका जेलची बाटली बसवता आली तर उत्तम. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरला बाजूने लटकणारी निळ्या दाण्यांची छोटी बाटली आपण पाहिली असेल, ती हेच काम करते. दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले असे समजून बदलायचे किंवा तापवून कोरडे करायचे. गावातल्या डीपीवरचे दाणे बहुधा वर्षानुवर्षे गुलाबीच असतात, तो धडा आपण घेऊ नये.

उरला साठ्याचा काळ. डिझेल सहा महिन्यांत, आणि उत्तम व्यवस्था असल्यास वर्षाच्या आत संपवावे. आपला खप कमी असेल तर टाकी भरण्यापेक्षा साठाच कमी करणे शहाणपणाचे, किंवा हे डिझेल मिलच्या मालवाहू गाडीत वापरून टाकी दर सहा महिन्यांनी नव्याने भरावी. महिन्यातून एकदा जनरेटर अर्धा तास तरी भारावर चालवावा. आपण ९९० लिटरची टाकी घेतली ती कोणीतरी नियम पाहूनच सुचवली असणार. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेलसारखे ‘ब’ वर्गाचे इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तर परवान्याशिवाय ठेवता येते. दुसरी टाकी जोडण्याचा विचार असल्यास हे दोन्ही आकडे ध्यानात ठेवावेत.

प्रश्न : संत्र्याच्या बागेतील इंजिनासाठी मी दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम उघड्यावर, विहिरीजवळ उभा ठेवतो. झाकण घट्ट लावलेले असते. तरीही प्रत्येक पावसाळ्यानंतर तळाशी पाणी निघते. ड्रमला कुठेही भोक नाही. मग पाणी जाते कोठून?
— संत्रा बागायतदार, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती

उत्तर : झाकणातूनच जाते. उभ्या ड्रमच्या वरच्या तबकडीला कड असते आणि पाऊस पडला की तिच्यात बोटभर पाणी साचून झाकण त्या तळ्यात बुडते. दुपारी ऊन पडले की आतली हवा फुगून झाकणाच्या आट्यांमधून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली आणि ड्रम गार झाला की आत ओढ निर्माण होते, आणि हवेऐवजी तोंडाशी असलेले पाणीच आत ओढले जाते. पाना मारून आवळलेल्या झाकणातूनही हे घडते, त्याला भोक लागत नाही. मी स्वतः एकदा आमच्या शेडबाहेरच्या ड्रमच्या तबकडीत सायंकाळी साचलेले पाणी सकाळी नाहीसे झालेले पाहून ते वाळले असे समजलो होतो. ते कोठे गेले, हे पंधरा दिवसांनी इंजिनाने सांगितले.

ड्रम छपराखाली घ्यावा हे उत्तम. ते शक्य नसेल तर लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवून दोन्ही झाकणे एका आडव्या रेषेत, म्हणजे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी येतील असे पाहावे, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात आणि हवा ओढली जात नाही. तेही जमत नसेल तर उभ्या ड्रमच्या एका बाजूला वीट घालून तो इतका कलता करावा की तबकडीवरचे पाणी झाकणापर्यंत पोहोचणार नाही. डिझेल काढताना नळी तळाला टेकवू नये, शेवटचे चार-पाच लिटर वेगळ्या कॅनमध्ये काढून निवळू द्यावेत. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा बादली डिझेलच्या साठ्यासाठी वापरू नये, कारण जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखा साका तयार होतो आणि तो फिल्टरला बुरशीइतकाच त्रास देतो.

प्रश्न : टाकीत बुरशी होऊ नये म्हणून कोणी रॉकेल, कोणी स्पिरिट, तर कोणी फिनाइलचे बूच टाकायला सांगतात. शहरातील दुकानात एक औषधही मिळते, ते महाग आहे. यांपैकी खरे काय?
— ट्रॅक्टर भाड्याने चालवणारे, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा

उत्तर : रॉकेलाविषयी एवढेच सांगतो की वर ज्या बुरशीचे नाव दिले, तिला इंग्रजीत पूर्वीपासून रॉकेलची बुरशी असेच म्हणतात. विमानांच्या इंधनटाक्यांत तिने धुमाकूळ घातला तो याच जातीच्या इंधनावर. तिला रॉकेल पाजून मारण्याचा प्रयत्न म्हणजे मुंग्यांना साखर टाकून हाकलणे होय. स्पिरिट पाण्याला डिझेलमध्ये मिसळून टाकते, त्यामुळे तळ कोरडा दिसतो, परंतु तेच पाणी पंप आणि नोझलपर्यंत जाते, जेथे डिझेल हेच वंगणाचेही काम करीत असते. फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर यांना तर हातही लावू नये. क्लोरीन पत्रा आणि पंपाचे धातूचे भाग खातो.

दुकानातील औषध, ज्याला बायोसाइड म्हणतात, ते खरे आहे. त्यात इंधनात व पाण्यात दोन्हीकडे उतरणारी जंतुनाशके असतात आणि नेमक्या मात्रेत ती बुरशी मारतात. मात्र त्याचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे समजून घेतले पाहिजे. ते पाणी काढत नाही. ते मेलेली बुरशीही काढत नाही, उलट भिंतीवर घट्ट बसलेला थर मरून सुटतो आणि पुढच्या दोन दिवसांत फिल्टर पूर्वीपेक्षा जास्त वेळा बुजतात. पुष्कळ जण येथेच औषध खोटे म्हणून सोडून देतात. म्हणून आधी पाणी काढावे, शक्य तेवढी टाकी धुवावी, मग बाटलीवर लिहिलेली मोठी मात्रा मोजून घालावी, डिझेल ढवळले जाईल असे भरावे, लिहिलेला वेळ, बहुधा एक ते तीन दिवस, थांबावे आणि दोन-तीन फिल्टर हाताशी ठेवून काम सुरू करावे. अंदाजाने घातलेली अर्धी मात्रा सर्वांत वाईट, कारण तिने पैसे जातात आणि चिवट जीव तेवढे मागे उरतात. प्रत्येक भरणीला औषध घालण्याचीही गरज नाही. आपला ट्रॅक्टर भाड्याने रोज चालतो, टाकी दोन दिवसांत रिकामी होते. अशा टाकीत बुरशीला बस्तान मांडायला वेळच मिळत नाही, तेव्हा आपण औषधाऐवजी झाकणाचा नवा वायसर घ्यावा, तो पुष्कळ स्वस्त पडतो.

औषध हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. यांतील काही रसायनांनी त्वचेला कायमची ॲलर्जी जडते. इंजिन कॉमन रेल पद्धतीचे, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व नोझलना मोठ्या दाबाने डिझेल देणारे असेल, तर कंपनीच्या पुस्तिकेत त्या औषधाला मुभा आहे का हे पाहिल्याशिवाय थेंबही घालू नये. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाची नवी मर्यादा लागू झाली आणि त्यामुळे अशी इंजिने आता शेतातही आली आहेत. त्यांच्यात डिझेल हजार बारहून अधिक दाबाने जाते, आणि जुन्या पंपाने जे पाण्याचे थेंब मुकाट्याने गिळले असते, ते येथे नोझल निकामी करतात. या ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली पाणी वेगळे करणारी वाटी असते. डॅशबोर्डवर तिचा दिवा लागला की चालक पुष्कळदा तो सेन्सरचा दोष समजून काम पुढे रेटतात. तो दिवा लागला की इंजिन बंद करून वाटीचा स्क्रू सोडावा, दोन मिनिटे लागतात.

प्रश्न : पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून डिझेलही खराब झाले, असे सगळे म्हणतात. पूर्वी डिझेल वर्षभर ठेवले तरी काही होत नव्हते. हे खरे आहे काय?
— निवृत्त शिक्षक, जिल्हा वर्धा

उत्तर : इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, डिझेलमध्ये नाही. डिझेलमध्ये मिसळण्यास मुभा आहे ती बायोडिझेलची, मानकानुसार सात टक्क्यांपर्यंत. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवते आणि जंतूंना पचायलाही सोपे असते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण वाढले तर साठा अधिक जपावा लागेल, हे खरे. रस्त्याकडेला बायोडिझेल म्हणून स्वस्तात विकले जाणारे द्रव यात मी मोजत नाही, ते घेऊच नये.

दुसरा बदल गंधकाचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाचे) डिझेल आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली. गंधक काढणाऱ्या प्रक्रियेत जंतूंना न मानवणारी इतर काही संयुगेही कमी होतात, असे या क्षेत्रातील अनेक जण मानतात. सारे खापर त्यावर फोडणे मात्र मला पटत नाही, कारण गंधक भरपूर होते त्या काळात, १९६० च्या दशकातही, विमानांच्या टाक्यांत हीच बुरशी सापडत होती. आपल्या आठवणीतील डिझेल टिकत होते, त्याला दुसरेही कारण असावे. त्या काळी इंजिन ठोकळ होते, फिल्टर जाडे होते आणि थोडी घाण त्यांतून निघून जात असे. डिझेल खराब होत नव्हते असे नाही, ते आपल्याला कळत नव्हते.

प्रश्न : आमच्या बचत गटाची छोटी दाळमिल डिझेल इंजिनवर चालते. आपण सांगता तसे टाकीचे काळे पाणी काढले, तर ते टाकावे कोठे? आणि वरचे डिझेल वापरता येईल काय? आमच्याकडे ते चुलीत घालायची पद्धत आहे.
— बचत गटाच्या सचिव, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ

उत्तर : ताई, चुलीत मुळीच घालू नये. पाणी मिसळलेले डिझेल तडतडून उडते आणि भाजण्याचा धोका असतो, धूरही विषारी. काढलेले सारे द्रव झाकणाच्या कॅनमध्ये भरून आठवडाभर न हलवता ठेवावे. वरचे डिझेल आरपार, बिनढगाळ दिसू लागले की नळीने फक्त वरचे दोन तृतीयांश काढावे, ते दाट फेल्टच्या गाळणीतून गाळावे आणि आपले इंजिन जुन्या पद्धतीचे असेल तर ताज्या डिझेलमध्ये थोडे थोडे मिसळून लगेच संपवावे, साठवून ठेवू नये. गढूळपणा आठवड्यानंतरही गेला नाही, तर त्याचा नाद सोडावा. खालचे काळे पाणी आणि चिकटा नालीत, विहिरीजवळ, उकिरड्यावर किंवा धुऱ्यावर ओतू नये. ते बंद कॅनमध्ये ठेवून, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलचे जळके ऑइल जेथे गोळा होते अशा मोठ्या सर्व्हिसिंग केंद्रात जळक्या ऑइलपासून वेगळे द्यावे आणि त्यात पाणी आहे हे सांगावे. हाताला लागलेला चिकटा साबणाने धुवावा, आणि टाकीसाठी वापरलेले फडके डाळ पुसण्याच्या फडक्यांत परत जाणार नाही, यासाठी त्याला आधीच गाठ मारून ठेवावी.